पावसाळ्यात प्लाझ्माची टिप टिकत का नाही

गोव्यात प्लाझ्मा कटिंगचं, म्हणजे विजेच्या आर्कने तापलेल्या हवेच्या झोताने लोखंड कापण्याचं, बरंचसं अवघड काम नेमकं सर्वांत वाईट हवेत होतं. पावसात खनिज वाहणाऱ्या बार्जेस थांबतात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, आणि मांडवी-झुवारीच्या काठावरच्या यार्डांत गंजलेल्या प्लेटी कापून नव्या बसवायचं काम सुरू होतं. पाठोपाठ चतुर्थी येते, तेव्हा गेट-ग्रीलवाल्यांची घाई. वेर्णा, कुंडई, मडकईच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये तर मशीन बाराही महिने चालतं. आणि जून उजाडला की सगळीकडे तीच तक्रार ऐकू येते: टिप-इलेक्ट्रोड दिवसभरसुद्धा टिकत नाहीत, दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला.

डुप्लिकेट माल असतो, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण मे महिन्यात त्याच डब्यातला सेट नीट चालत होता आणि जूनमध्ये चालत नसेल, तर दोष सेटचा नाही, हवेतल्या पाण्याचा आहे. जळालेला भाग फेकण्याआधी तो नीट पाहिला तर तोच सांगतो काय बिघडलं ते. हे पाहायचं कसं, बदलायचं कधी आणि पाणी अडवायचं कुठे, एवढ्यासाठीच ही पोस्ट.

टॉर्चच्या आत काय असतं

आतून बाहेर असा क्रम लागतो: इलेक्ट्रोड, त्याभोवती स्वर्ल रिंग, जिला बरेच जण गॅस रिंग म्हणतात, त्यावर नोझल म्हणजे आपली टिप, टिपला जागेवर धरणारी कॅप आणि सर्वांत पुढे शील्ड. शील्ड प्रत्येक टॉर्चला नसते. स्वस्त मशीनबरोबर येणाऱ्या पी-80 सारख्या टॉर्चला पुढे सिरॅमिकचा कप असतो आणि टिपचं तोंड उघडंच राहतं. अशी टिप प्लेटला टेकवून ओढली की तिचं आयुष्य तिथेच संपतं.

इलेक्ट्रोड तांब्याचा असतो. त्याच्या तोंडाच्या मधोमध एक करडा ठिपका दिसतो, तो हाफ्नियम धातूचा. 1923 साली कोपनहेगनमध्ये हा धातू सापडला आणि त्या शहराच्या जुन्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. तुम्ही इलेक्ट्रोडचे पैसे मोजता ते खरं तर या ठिपक्याचे. तांबं 1085 अंशांना वितळतं, हाफ्नियम 2233 अंशांना, आणि प्लाझ्माचा झोत 20,000 अंशांच्या वर असतो. तरी इलेक्ट्रोड टिकतो, कारण हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनमुळे हाफ्नियमवर ऑक्साइड-नायट्राइडचा थर तयार होतो. तो फार मोठी उष्णता सोसतो आणि इलेक्ट्रॉन सहज सोडतो. शिवाय भोवतालचं तांबं हवेने सतत गार होत असतं. टंगस्टन तर 3422 अंशांपर्यंत वितळत नाही, पण हवेत तो काही सेकंदांत जळून जातो. म्हणून टंगस्टनचा इलेक्ट्रोड फक्त नायट्रोजन किंवा आर्गॉन-हायड्रोजनवर चालणाऱ्या टॉर्चसाठी. एअर प्लाझ्मात तो घालू नका.

आता मुख्य गोष्ट. आर्क चालू असते तेव्हा त्या ठिपक्याचं तोंड वितळलेलं असतं. आर्क बंद होते त्या क्षणी त्या वितळलेल्या धातूतला थोडा अंश उडून जातो. म्हणजे इलेक्ट्रोड मुख्यतः झिजतो तो चालू-बंद होण्याने. सलग दोन मीटर कापणं आणि वीस ठिकाणी दहा-दहा सेंटिमीटर कापणं, लांबी सारखीच, पण दुसऱ्या कामात इलेक्ट्रोड कितीतरी लवकर संपतो. उत्पादकांच्या पुस्तिकांत हाती कटिंगला साधारण 1 ते 3 तास आणि मशीनवर 3 ते 5 तास असं आयुष्य दिलेलं असतं. तो फक्त आर्क पेटलेली असतानाचा वेळ, शिफ्टचा नव्हे. म्हणून मी तास मोजण्यापेक्षा डब्यावर पेन्सिलीने किती वेळा ट्रिगर दाबला याच्या रेघा मारायला सांगेन. आठवडाभर रेघा मारल्या की आपल्या कामाला एक सेट किती ट्रिगर देतो, ते कळतं. त्यानंतर एखादा सेट निम्म्यातच गेला तर लगेच ध्यानात येतं.

इलेक्ट्रोड कधी फेकायचा

झिजत जाताना ठिपक्याच्या जागी खड्डा पडतो. हाती वापरायच्या एअर प्लाझ्मा टॉर्चमध्ये खड्डा 1.6 मिमी खोल झाला की इलेक्ट्रोड काढायचा. ऑक्सिजनवर चालणाऱ्या मोठ्या सीएनसी, म्हणजे संगणकाने चालवलेल्या, मशीनमध्ये ही मर्यादा बहुधा 1 मिमीच्या आसपास असते, ती आपल्या मशीनच्या पुस्तिकेतून घ्या.

1.6 मिमी डोळ्यांनी कळत नाही आणि व्हर्नियरची खोलीची पट्टी खड्ड्यात जाईलच असं नाही. यावर सोपा गेज शेडमध्येच बनतो. मिग वेल्डिंगची 0.8 मिमी वायर सगळीकडे असते. तिचा सरळ तुकडा घ्या, एका छोट्या सपाट वॉशरच्या भोकात पितळेने किंवा सोल्डरने पक्का करा आणि वॉशरच्या खाली वायर बरोबर 1.6 मिमी बाहेर राहील अशी घासा. मोजायला व्हर्नियर. टोक घासून सपाट करा, टोकदार ठेवू नका. आता वायरचं टोक इलेक्ट्रोडच्या खड्ड्यात उभं धरा. वायर तळाला लागली आणि वॉशर अजून अधांतरी डुगडुगतंय, तर इलेक्ट्रोड चालेल. वॉशर इलेक्ट्रोडच्या तोंडावर सपाट बसलं, तर इलेक्ट्रोड संपला. हा गेज टॉर्चच्या हुकालाच दोऱ्याने बांधून ठेवावा, म्हणजे दिवसाच्या सुरुवातीला बघायचा कंटाळा येत नाही.

मर्यादा ओलांडून चालवलं तर काय होतं? खड्डा खोल गेला की आर्क आजूबाजूच्या तांब्यावर सरकते. तांबं वितळून उडतं आणि टिपच्या आत चिकटतं. कापताना झोताला हिरवट छटा दिसू लागली तर ते जळणारं तांबं आहे. तिथल्या तिथे ट्रिगर सोडायचा. आणखी एक मीटर रेटून बघतो म्हणणारा माणूस इलेक्ट्रोडबरोबर टिप तर घालवतोच, कधी कधी टॉर्चचं डोकंही घालवतो. इलेक्ट्रोडच्या मानाने त्याची किंमत विचारूच नका.

जळालेला भाग वाचायचा कसा

खड्डा मधोमध आणि गोल असेल तर इलेक्ट्रोड नैसर्गिकरीत्या झिजला, सगळं ठीक. खड्डा एका बाजूला सरकलेला किंवा फाटक्या कडांचा असेल तर हवा नीट फिरत नाही. अशा वेळी स्वर्ल रिंग बघा. तिला चीर गेली असेल, बारीक भोकांत काजळी किंवा ग्रीस अडकलं असेल, किंवा ती उलटी बसवली असेल. या रिंगची भोकं तिरकी असतात, हवा त्यांतून भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि आर्कला मधोमध धरून ठेवते. एक भोक बंद झालं की भोवरा लंगडतो.

ठिपक्याभोवतीचं तांबं मेणासारखं ओघळलं असेल तर हवा कमी पडली. इलेक्ट्रोडचं पूर्ण तोंड आणि टिपची आतली बाजू काळीकुट्ट, चिकट असेल तर तेल आलं. खड्डा फार लवकर पडला, टिपच्या आत बारीक टोचल्यासारख्या खुणा आहेत, आणि आर्क पेटताना तडतड आवाज येत होता, तर ते पाणी.

टिपच्या भोकाकडे उजेडासमोर धरून बघा. ते बिनचूक गोल आणि धारदार कडेचं हवं. आतल्या बाजूने अंडाकृती झालं असेल तर बहुधा इलेक्ट्रोड संपला होता किंवा हवा घाण होती. बाहेरच्या बाजूने खाल्लं असेल तर टॉर्च प्लेटच्या फार जवळ होती, भोक पाडताना वितळलेला लोखंडाचा रस उलटा उडाला, किंवा आर्क इलेक्ट्रोडवरून टिपवर आणि टिपवरून प्लेटवर अशी दोन उड्यांत गेली. याला डबल आर्किंग म्हणतात. टिपचं भोक वाकडं असेल तर कापाची कड तिरकी येते. नवी टिप घातल्यावर कड सरळ आली की निदान पक्कं.

गॅस कटिंग करणाऱ्या मेस्त्रींची एक सवय इथे घातक आहे. ऑक्सि-गॅसच्या नोझलमध्ये सुई किंवा प्रिकर घालून साफ करतात, तसं प्लाझ्माच्या टिपमध्ये करू नका. तांब्याच्या कडेवर एक ओरखडा पडला तरी आर्क त्याच ओरखड्यावर झेप घेते. टिपचं भोक बिघडलं की टिप बदलायची, साफ करायची नाही. शील्डवरचा चिकटलेला गाळ मात्र लाकडाने किंवा पितळेच्या ब्रशने जरूर काढा, तिच्या हवेच्या भोकांतला तर काढलाच पाहिजे.

दोन्ही एकत्र बदलायचे की वेगवेगळे? स्वस्त टॉर्चमध्ये मी जोडीनेच बदलेन. झिजलेला इलेक्ट्रोड नव्या टिपला लवकर मारतो, आणि अंडाकृती टिप नव्या इलेक्ट्रोडचा खड्डा वाकडा पाडते. वाचवलेले पैसे दोन दिवसांत परत जातात. महाग, शील्डच्या टॉर्चमध्ये गेज आणि डोळे वापरून वेगळा निर्णय घ्यायला हरकत नाही. स्वर्ल रिंग आणि शील्ड अनेक सेट चालतात, तडा जाईपर्यंत किंवा भोकं बिघडेपर्यंत त्या ठेवा.

पाणी

जुलैतल्या दुपारी आपल्याकडे 28 अंश आणि 90 टक्के दमटपणा ही साधी गोष्ट आहे. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. मध्यम आकाराचं हाती प्लाझ्मा मशीन मिनिटाला सुमारे 200 लिटर हवा खातं, म्हणजे आर्कच्या एका तासाला 12 घनमीटर. गुणाकार करा: तासाला जवळजवळ 290 ग्रॅम पाणी तुमचा कॉम्प्रेसर आत ओढतो. पेल्याने मोजायचं तर दीड पेला.

ही हवा 7 किलो प्रेशरला दाबली की 12 घनमीटरची दीड घनमीटर होते. टाकी 40 अंशांवर असेल तर एवढ्या दाबलेल्या हवेत 75-80 ग्रॅमच वाफ मावते, बाकीचं दोनशे ग्रॅमहून जास्त पाणी टाकीच्या तळाशी पडतं. ते ड्रेन कॉकमधून निघतं आणि लोक समाधान मानतात. पण ते 75-80 ग्रॅम पुढे गेलेलंच असतं. आणि छोटा पिस्टन कॉम्प्रेसर विश्रांती न घेता चालत असेल तर टाकी 40 वर कुठली राहते, हात ठेवता येत नाही इतकी तापते. 55 अंशांना तीच हवा 150 ग्रॅमच्या पुढे वाफ घेऊन जाते.

इथेच बहुतेकांची फसगत होते. मशीनच्या मागे लावलेला वाटीचा फिल्टर पाण्याचे थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी गरम हवेत लावला तर त्याच्यातून सगळी वाफ निघून जाते, मग ओल्या फरशीवरून वीस मीटर होजमध्ये गार होते आणि टॉर्चमध्ये थेंब बनून येते. वाटी कोरडी दिसते आणि माणूस म्हणतो, पाणी नाहीच. म्हणून आधी हवा गार करायची, नंतर फिल्टर. टाकीपासून फिल्टरपर्यंत दहा-बारा मीटर लोखंडी किंवा तांब्याचा पाइप भिंतीवरून वरखाली फिरवा, प्रत्येक खालच्या वळणाला ड्रेन कॉक द्या, मुख्य पाइपला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार ठेवा आणि मशीनसाठी फाटा पाइपच्या वरच्या बाजूने काढा, खालून नव्हे. फिल्टर मशीनला चिकटून. एवढं केलं तरी जूनची निम्मी तक्रार जाईल असं मला वाटतं, आणि यात ड्रायरचा खर्च नाही.

त्यापुढे ड्रायर. रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा 3 अंशांपर्यंत गार करून पाणी काढतो, मग तासाला 9-10 ग्रॅमच उरतं. डेसिकंट ड्रायर उणे 40 अंशांच्या दवबिंदूपर्यंत नेतो, तिथे एका ग्रॅमचा अंशच राहतो. नामांकित मशीनच्या पुस्तिका आयएसओ 8573-1 या दाबलेल्या हवेच्या शुद्धतेच्या मानकातला 1.2.2 हा दर्जा मागतात. त्यातला मधला 2 म्हणजे हाच उणे 40. चालू-बंद काम करणाऱ्या छोट्या शेडला सिलिका जेलचा डबाही पुरतो, अट एकच: तो गार हवेवर आणि पाण्याच्या फिल्टरनंतर लावायचा. निळं जेल गुलाबी झालं की ते भरलं. 120 अंशांवर भट्टीत दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा निळं होतं. आपल्याकडे जुलैत ते रोज गुलाबी होईल, म्हणून दोन डबे आलटून पालटून ठेवा. जेलच्या पुढे बारीक फिल्टर हवाच, नाहीतर त्याची पूड टॉर्चमध्ये जाते.

तेलाचं वेगळं. शेडमध्ये न्यूमॅटिक ग्राइंडरसाठी फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर असा तिन्हींचा जोड लावलेला असतो, आणि सोय म्हणून प्लाझ्मा त्याच लाइनला जोडतात. लुब्रिकेटर हवेत तेलाचं धुकं सोडतो. ते थेट इलेक्ट्रोडवर जाऊन जळतं. प्लाझ्माचा फाटा लुब्रिकेटरच्या आधी काढा. आणि कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या असतील तर लुब्रिकेटर नसतानाही तेल येतंच.

तपासणी फुकट आहे. मशीनचा स्विच आर्क न पेटवता फक्त हवा सोडणाऱ्या स्थितीत ठेवा, टॉर्चसमोर एक हात अंतरावर कोरा पांढरा कागद धरा आणि मिनिटभर हवा जाऊ द्या. ओलसर डाग म्हणजे पाणी, पिवळट अर्धपारदर्शक डाग म्हणजे तेल. पावसाळ्यात हे सकाळी नाही, दुपारी जेवणानंतर करा, कॉम्प्रेसर तापलेला असताना. सकाळचा कागद कोरडा निघतो आणि फसवतो.

याच वेळी प्रेशरही बघा. गेजवरचा आकडा हवा वाहत असताना वाचायचा. बंद असताना 6 किलो दाखवणारी लाइन ट्रिगर दाबताच 4 वर येत असेल तर होज बारीक किंवा फार लांब आहे. आतून 10 मिमीपेक्षा बारीक होज वापरू नका.

बदलताना

ट्रिगर सोडल्यावर हवा काही सेकंद वाहत राहते, ती थांबेपर्यंत थांबा. तीच इलेक्ट्रोड गार करते. काम संपलं म्हणून लगेच कॉम्प्रेसरचा कॉक बंद करणारा माणूस प्रत्येक वेळी इलेक्ट्रोडचं थोडं आयुष्य खातो. हवा थांबली की मशीनचा स्विच बंद, मग भिंतीवरचा एमसीबी बंद. टॉर्चमध्ये आर्क नसताना अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असू शकतात, ओल्या पायांनी आणि ओल्या हातमोज्यांनी त्याच्याशी खेळू नका.

टॉर्चचं तोंड वर करून कॅप हाताने सोडवा, म्हणजे स्वर्ल रिंग खाली पडून फुटत नाही. भाग स्वच्छ कोरड्या कापडावर क्रमाने मांडा. पी-80 सारख्या टॉर्चमध्ये इलेक्ट्रोड आट्यांवर बसतो, तो बरोबर आलेल्या छोट्या पान्यानेच सोडवायचा आणि बसवताना घट्ट लागला की थांबायचं. पक्कड लावलीत तर डोक्यातले आटे गेले.

टॉर्चच्या अंगावरची ओ-रिंग बघा. सुकलेली किंवा चिरलेली असेल तर बदला, ठीक असेल तर सिलिकॉन ग्रीसचा इतका पातळ हात द्या की ती फक्त चमकेल. पांढरा गोळा दिसला तर जास्त झालं, तो वितळून स्वर्ल रिंगच्या भोकांत जातो. साधं बेअरिंगचं ग्रीस अजिबात नको.

ज्या टॉर्चमध्ये इलेक्ट्रोड आणि टिप आधी टेकलेले असतात आणि हवेच्या दाबाने दूर होऊन आर्क पेटते, तिथे इलेक्ट्रोड बोटाने दाबून बघा. स्प्रिंगवर सहज आत जाऊन परत आला पाहिजे. अडकत असेल तर ट्रिगर दाबल्यावर हवा येते पण आर्क येत नाही, आणि लोक उगाच मशीन उघडतात. कॅप हाताने पूर्ण घट्ट करा. बऱ्याच टॉर्चमध्ये कॅप सैल असेल तर मशीन सुरूच होत नाही, ती सुरक्षेची सोय आहे, तार जोडून ती बंद करू नका.

नवीन टिप बसवल्यावर हवेत ट्रिगर दाबून आर्क येते का बघायची सवय सोडा. पायलट आर्क, म्हणजे इलेक्ट्रोड आणि टिप यांच्यात आधी पेटणारी आर्क, प्लेटवर पोहोचली नाही तर टिपच खात असते. चाचणी भंगार प्लेटवर घ्या.

टिप वाचवणारी चार कामं

अर्थ क्लॅम्प. गंजलेल्या किंवा रंगवलेल्या बार्जच्या प्लेटवर क्लॅम्प नुसता चावून बसवला तर आर्क टिपवरून प्लेटवर नीट जात नाही, पायलट आर्क रेंगाळते आणि टिपचं भोक मोठं होतं. ग्राइंडरने हाताच्या तळव्याएवढी जागा चमकेपर्यंत घासा आणि क्लॅम्प तिथे लावा, तोही कापून गळून पडणाऱ्या तुकड्यावर नव्हे, राहणाऱ्या बाजूवर. कापायच्या रेषेवरचा जुना मरीन पेंटही खरवडा. तो उकळून उलटा उडतो, आणि त्यातल्या शिशाचा, जस्ताचा धूर छातीत जातो.

भोक पाडणं. शक्य तेव्हा कडेपासून सुरुवात करा. मधेच सुरू करायचं असेल तर टॉर्च तिरकी धरून पेटवा, ठिणग्या बाजूला उडू द्या आणि हळूहळू उभी करा. मशीन कडेने जेवढी जाडी कापतं तेवढ्या जाडीत भोक पाडत नाही. सीएनसीवर भोक पाडतानाची उंची कापण्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट ठेवा. कापायची उंची 1.5 मिमी असेल तर भोक साधारण 3 ते 3.8 मिमीवरून.

अँपिअर. टिपवर आकडा असतो, तो ओलांडू नका. 60 अँपिअरच्या टिपला 57 वर चालवलं तर कापात फरक कळत नाही, आयुष्यात कळतो.

आर्क संपवणं. प्लेट संपून टॉर्च हवेत गेली की आर्क ताणून तुटते आणि वितळलेल्या हाफ्नियमचा मोठा तुकडा घेऊन जाते. शेवटच्या काही मिलिमीटरला वेग कमी करा आणि झोत प्लेट सोडायच्या आधी ट्रिगर सोडा. सीएनसीवर हे प्रोग्रॅममधल्या लीड-आउटने, म्हणजे कापाच्या शेवटी आखलेल्या बाहेर पडायच्या वाटेने, साधतं.

सीएनसीबद्दल अजून एक, कारण हे फार जणांना ठाऊक नसतं. टॉर्चची उंची आर्कच्या व्होल्टेजवरून ठरत असेल तर इलेक्ट्रोड झिजेल तसं तेच अंतर ठेवायला जास्त व्होल्ट लागतात, कारण खड्ड्याच्या तळापासून आर्क लांब होते. सेटिंग तेच ठेवलं तर मशीन समजतं टॉर्च फार वर आहे, आणि तिला खाली आणतं. आठवडाअखेर टॉर्च प्लेटला घासू लागली तर आधी इलेक्ट्रोड मोजा, मगच उंचीच्या मोटरला हात लावा.

विकत घेताना आणि ठेवताना

डुप्लिकेट ओळखायला भिंग पुरतं. हाफ्नियमचा ठिपका बरोबर मधोमध आहे का, आणि त्याच्याभोवती फट नाही ना. टिपचं भोक बाहेरच्या गोलाशी मधोमध आहे का. टिप एका खिळ्यावर सैल बसवून फिरवली तर वाकडेपणा लगेच दिसतो. पॅकेटमधल्या दहा टिपांपैकी एक-दोन वाकड्या असतील तर सगळं पॅकेट परत करा.

आपल्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं. भाग तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा, वापरलेले आणि नवे वेगळे. वापरलेल्या चांगल्या इलेक्ट्रोडच्या मागे मार्करने खड्ड्याची खोली लिहून ठेवा, 0.6, 0.9 अशी. पुढच्या वेळी छोट्या, चार भोकांच्या कामाला 0.9 वाला काढायचा आणि बार्जच्या लांब कापाला नवा.